नाशिकच्या आसपासचे सायकल रस्ते : कुठल्या महिन्यात कुठल्या दिशेला?

गोदाकाठचा

मे संपत आला की इथे एक प्रश्न हमखास येतो. "नाशिकहून सायकलने कुठे जाऊ? पन्नासेक किलोमीटर, फार चढ नको." खाली वीस जण वीस रस्ते सांगतात आणि विचारणारा शेवटी सोमेश्वरला जाऊन चहा पिऊन परत येतो. म्हणून एकदाच सगळं एका धाग्यात टाकतोय. माझं म्हणणं एवढंच की अंतर सगळ्यात शेवटी बघा. आधी महिना, मग वारा, मग चढ.

शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. पश्चिमेला त्र्यंबकची रांग उभी, त्यात ब्रह्मगिरी १२९५ मीटर. अरबी समुद्रावरून आलेले ढग तिथे आणि इगतपुरीला रिकामे होतात, शहरापर्यंत येताना त्यांच्यात फारसं उरत नाही आणि निफाड-सिन्नरला तर त्याहून कमी. त्याच रांगेत पडलेल्या पाण्यातलं काही वैतरणेवाटे पश्चिमेला जातं, काही गोदावरीतून १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतं. सायकलवाल्याला यातून घ्यायचं ते असं : पश्चिमेला जाल तर चढ आणि पाऊस, पूर्वेला जाल तर नदीबरोबर हलका उतार आणि कोरडं.

आता वारा. जून ते सप्टेंबर तो नैऋत्य-पश्चिमेकडून येतो. म्हणजे त्र्यंबकला जाताना तोंडावर, येताना पाठीवर. हे सोयीचं आहे, ताजे असताना झगडायचं आणि दमल्यावर फुकट घरी यायचं. म्हणून पावसाळ्यात पश्चिम. निफाडच्या बाजूला नेमकं उलटं. जाताना वाटतं आपण फारच तयार झालोय, आणि परतताना चांदोरीपासून कळतं की ती करामत पायांची नव्हती.

त्र्यंबक रस्ता : अठ्ठावीस-तीस किलोमीटर. त्र्यंबक ७२० मीटरच्या आसपास असल्यामुळे एकूण चढ फार नाही, पण डोळ्यांना सपाट दिसणारा रस्ता पायांना सतत चढ वाटतो. सातपूर सोडेपर्यंत सकाळच्या शिफ्टच्या बसेस आणि टेम्पो, म्हणून साडेसहाच्या आत पिंपळगाव बहुला मागे टाका. महिरावणी, खंबाळे, तळेगाव, मग डावीकडे अंजनेरी. सिंहस्थ २०२७ मध्ये असल्याने या भागात रस्त्यांची कामं निघालेली आहेत, खडी आणि डायव्हर्जन गृहीत धरा. श्रावणात सोमवारी जाऊच नका. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, आदल्या दिवसापासूनच रस्ता माणसांनी भरलेला असतो आणि तो रस्ता त्या दिवशी त्यांचाच असतो.

गिरणारे-वाघेरा : माझ्या मते नाशिकचा सगळ्यात चांगला सायकल रस्ता. गंगापूर रोडने दुगाव, गिरणारे. गिरणारेपर्यंत टोमॅटो. हंगामात बाजाराच्या वेळी क्रेटने लादलेली पिकअप वाहनं रस्ता अडवून उभी असतात, त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. पुढे धोंडेगाव, कश्यपी धरण, मग वाघेरा घाट आणि हरसूल. एका बाजूने पन्नासच्या आसपास. घाट छोटा आहे पण पावसाळ्यात त्याच्या वळणांवर माती वाहून येते. हरसूलहून त्र्यंबकमार्गे परत आलात तर वर्तुळ पूर्ण होतं, अंतर मात्र चांगलंच वाढतं.

पहिने-घोटी : त्र्यंबकच्या अलीकडे पेगलवाडी फाट्यावरून डावीकडे. भात, धबधबे, ढग सगळं आहे. शनिवार-रविवारी मोटारीही आहेत. मधल्या वारी गेलात तर रस्ता तुमचा. घोटीहून महामार्गाने नाशिकला परतायचं तर एकूण नव्वद ते शंभर. समृद्धीचा फाटा दिसला म्हणून मोहात पडू नका, तिथे दुचाकीलाही बंदी आहे, सायकल तर दूरच.

पेठ रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. आशेवाडीला रामशेजपर्यंत जाऊन मागे फिरा. सावळघाट सुंदर आहे पण गुजरातकडचे ट्रक तुमच्यासाठी थांबणार नाहीत.

सातपूरवाला

छान लिहिलंय, पण "पावसाळ्यात पश्चिम" हे सरसकट पटत नाही. जुलैत त्र्यंबकला जो पाऊस लागतो त्यात चष्म्यातून दिसत नाही, ब्रेक लागत नाहीत आणि मागच्या गाडीला तुम्ही दिसत नाही. मी जुलैत सिन्नरला जातो. मोहदरी घाट, वर गार वारा, सिन्नरला गोंदेश्वराच्या आवारात दहा मिनिटं बसायचं, परत. पाऊस असला तरी भुरभुर. पुणे रस्ता रुंद आहे, कडेची पट्टी मिळते. देखावा नाही म्हणाल तर नसेल. अकराव्या-बाराव्या शतकातलं हेमाडपंती पंचायतन (मधे एक, भोवती चार) मंदिर आहे, तेवढा देखावा मला पुरतो.

पश्चिमेला सप्टेंबरात जा. हिरवं तेवढंच असतं, पाणी ओसरलेलं असतं.

गोदाकाठचा

सप्टेंबरबद्दल मान्य. जुलैबद्दल नाही. भिजायचं नसेल तर जुलैत सायकल कशाला काढायची?

कुंदेवाडीचा गारठा

नाव वाचून कळलंच असेल मी कुठला. हिवाळ्यात टीव्हीवर "निफाड गारठलं" म्हणून जो आकडा सांगतात तो आमच्या गहू संशोधन केंद्रातला.

पूर्वेचा रस्ता कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहितो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नांदूर मध्यमेश्वर. नाशिकहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, सायखेडामार्गे या, महामार्ग टाळा. चढ जवळजवळ नाहीच. गोदावरी आणि कादवा इथे भेटतात, बंधाऱ्यामागे उथळ पाणी पसरतं आणि त्यावर पक्षी उतरतात. २०२० मध्ये याला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) जाहीर झाला, महाराष्ट्रातलं पहिलं. खाणगाव थडीला प्रवेशद्वार, चापडगावला मनोरा. सायकल बाहेर लावून पायी फिरा. उजाडताना पोहोचायचं असेल तर नाशिकहून पहाटे निघावं लागेल, आणि इथेच खरी अडचण आहे.

अडचण म्हणजे बिबट्या. गोदाकाठ आणि दारणाकाठ दोन्हीकडे ऊस आहे आणि उसात बिबटे राहतात, हे आम्हाला बातमीतून कळत नाही, वस्तीवरच्या कुत्र्यांच्या भुंकण्यावरून कळतं. उसाच्या मधल्या रस्त्याने अंधारात एकट्याने येऊ नका. सायकलवर वाकून बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा लहान दिसतो. दोघं-तिघं या, पुढचा दिवा भरपूर उजेडाचा लावा, बोलत या. नाहीतर सरळ उजाडल्यावर निघा. पक्षी दहापर्यंत काही कुठे जात नाहीत.

दुसरं, द्राक्षबागा. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात आणि ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेच्या ओळीत असला की धुकं आणि औषध यातला फरक दिसत नाही. वाऱ्याच्या खालच्या बाजूने जाऊ नका, थांबा, ट्रॅक्टर वळू द्या. आणि बागेत शिरून फोटो काढण्याआधी विचारा. विचारलंत तर आमच्याकडचा माणूस घड हातात देतो, न विचारता गेलात तर वेगळं काहीतरी देतो.

बाभळीचे काटे : कालव्याच्या कडेने येणार असाल तर दोन ट्यूब आणि पॅच किट. पातळ टायरवाल्यांनी डांबर सोडूच नये.

अबोली

मी दोन वर्षांपासून इंदिरानगर भागातून सायकल चालवते, हायब्रीड (रोडबाइक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली) आहे, गिअरची चक्रं पुढे तीन मागे आठ. वरच्या सगळ्या प्रतिसादांत एक गोष्ट कुणीच लिहिलेली नाही : वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे. त्र्यंबक रस्त्यावर सकाळी सातला पेट्रोल पंप सोडले तर काही नाही, आणि सगळ्याच पंपांवरची उघडी नसतात. गिरणारेच्या पुढे तर विचारूच नका. आमच्या गटातल्या बायका याच कारणाने पाणी कमी पितात आणि मग परतीच्या वाटेवर पोटऱ्यांत गोळे येतात. पुरुषांनी गट काढताना एवढा विचार केला तरी पुष्कळ आहे.

दुसरं, एकटीने जायचं तर मला दिंडोरी रस्त्यापेक्षा गंगापूर धरणाची बाजू बरी वाटते. सावरगाव, गंगावऱ्हे. वाईनरींमुळे सकाळीही थोडी जाग असते, बाई सायकलवर दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. दुपारनंतर मात्र त्याच रस्त्यावर घेऊन आलेले आणि पिऊन निघालेले यांच्यात सायकल नको.

माझा प्रश्न : सप्तशृंगी गडाचा घाट हायब्रीडवर होईल का? चढाची भीती नाही, उतरण्याची आहे.

जुनं खोगीर

अबोलीताई, चढ होईल. पुढचं लहान चक्र आहे तुमच्याकडे, तेच खरं भांडवल. रोडबाइकवाल्यांना सांगतो, मागे २८ दातांची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) असेल तर ३२ ची बसवून घ्या. नांदुरीपासून वर साधारण दहा किलोमीटर आहे आणि मध्ये नाव घेण्यासारखी सपाटी नाही.

रस्ता असा : दिंडोरी, वणी, नांदुरी, मग घाट. पायथ्यापर्यंतच साठीच्या आसपास होतात. म्हणून नवख्यांनी पहिल्यांदा गाडीत सायकल टाकून नांदुरीपर्यंत जावं आणि फक्त घाट करावा, त्यात काही कमीपणा नाही. चढताना पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू. श्वास नाकातून चालू आहे तोवर वेग बरोबर. तोंड उघडलं की एक गिअर हलका. उभं राहून पायडल मारायचा मोह वळणावर होतो, तिथेच चढ तीव्र असतो आणि तिथेच दम जातो.

उतार. तुमची भीती बरोबर आहे. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कड्यावर घासणारे) असतील तर सलग दाबून ठेवले की रिम तापते, आतली हवा तापते आणि ट्यूब फुटते. पुढची फुटली तर सावरणं अवघड. म्हणून वळणाआधी सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक घट्ट लावायचे, वेग पाडायचा, सोडायचे, आणि वळण मोकळ्या चाकावर घ्यायचं. पुढचा-मागचा आलटून पालटून वापरा. मध्ये एकदा थांबा, रिम गार होऊ द्या, फोटो काढायला कारण मिळतं. डिस्क ब्रेक असतील तर ट्यूबची काळजी नाही, पण पॅड किती उरलेत ते घरीच बघून निघा. आणि दरीच्या बाजूला घासून चालवू नका, लेनच्या मधोमध चाला, मागच्याला दिसा. माकडांपासून सावध, हँडलला प्रसादाची पिशवी लावली तर ती तुमची राहणार नाही.

चैत्रात आणि नवरात्रात यात्रेच्या वेळी खासगी वाहनं नांदुरीतच थांबवतात. चैत्रात खानदेशातून पायी येणारे हजारो असतात. त्या दिवसांत सायकल घरी.

थोडं विषयांतर. २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या संघातून पूर्ण केली ते डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ याच शहरातले. ती शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. त्यानंतर नाशिकमध्ये बऱ्याच मध्यमवयीन माणसांनी एकदम सायकली घेतल्या. त्यातल्या निम्म्या आता गॅलरीत कपडे वाळवायला आहेत, पण उरलेल्या निम्म्यांमुळेच आज गंगापूर रोडवर पहाटे पाचला दिवे लुकलुकताना दिसतात.

चिखलखोर

डांबरावरच्या मंडळींचं झालं असेल तर आमचंही ऐका.

नाशिकला एमटीबीसाठी, म्हणजे डोंगरी सायकलसाठी, बांधलेले ट्रेल नाहीत. जे आहे ते बैलगाडीच्या चाकोऱ्या, पाणंदी, कालव्याचे सेवारस्ते आणि गुराख्यांच्या वाटा. मला तेच आवडतं. पण त्यामुळे एक नियम आपोआप येतो, ही वाट कुणाची तरी आहे. पीक उभं असेल तर बांधावरून सायकल खांद्यावर. फाटक बंद होतं तर बंद करून पुढे जा.

सुरुवातीला मखमलाबादकडून डाव्या कालव्याची कड. सपाट, मुरूम, चुकायला जागा नाही. नंतर म्हसरूळच्या चामरलेणीच्या डोंगराचा पायथा. जरा हात बसला की रामशेजच्या भोवती. आशेवाडीत सायकल ठेवून किल्ला पायी करा, मग पायथ्याच्या वाटा. शेजारच्या बोरगडाकडे मात्र चाक वळवू नका. तो २००८ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि माथा हवाई दलाकडे आहे.

एप्रिल-मेमध्ये गंगापूर आणि कश्यपीचं पाणी मागे सरतं तेव्हा काठावर कडक झालेल्या गाळाची मोठी पटांगणं उघडी पडतात. सकाळी दोन तास तिथे जे मिळतं ते कुठल्याही घाटात नाही. कडेला भेगा दिसल्या की थांबा, त्याच्या पुढे वरून वाळलेलं आणि खालून ओलं असतं. चाक अर्धं आत जातं आणि ओढून काढताना बूट तिथेच राहतात.

पावसाळ्यात काळ्या मातीत जाऊ नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. ती टायर आणि फ्रेमच्या मध्ये इतकी भरते की चाक फिरायचं थांबतं, आणि ढकलायला लागलं तर डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर तुटतो. पावसात लाल मुरूम शोधा, त्र्यंबक-हरसूलच्या बाजूला तो आहे. टायरमध्ये हवा कमी ठेवा, माझ्या वजनाला ट्यूबवर तीसच्या आसपास पीएसआय पुरते. त्याहून खाली गेलात तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते.

शेवटचं. देवळाली तोफखान्याची फायरिंग रेंज. विल्होळी-आंबे बहुलाच्या मागे टेकड्या दिसतात, नकाशात वाटा दिसतात, बहुला किल्लाही दिसतो. तिथे तोफांचा सराव चालतो. लाल झेंडा दिसला तरी नाही, नाही दिसला तरी परवानगीशिवाय नाही. जमिनीत न फुटलेलं काय पडलंय हे सायकलवरून कळत नाही. ॲपवर कुणाचा तरी हिरवा मार्ग आहे म्हणून त्याच्या मागे जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

घंटीवाला

अंजनेरीवरून सायकल खाली उतरवल्याचे व्हिडिओ बघितलेत. तळ्यापर्यंत पठार तर एकदम भारी दिसतं. कुणी केलंय का?

चिखलखोर

बघितलेत मीही, आणि करू नका म्हणून सांगतो. अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव आहे. कड्यांमध्ये लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. पठारावर एक कंदीलपुष्प आहे, त्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. पावसाळ्यात ते ज्या दोन इंच मातीत उगवतं त्याच मातीवरून तुमचं गाठीचं टायर जाणार. पायऱ्यांवर यात्रेकरूंची वर्दळ असते ती वेगळीच.

घंटीवाला

हजारो लोक चप्पल घालून चालतात तेव्हा माती दबत नाही का? सायकललाच कायदा?

चिखलखोर

चप्पलवाले पायवाटेने जातात. व्हिडिओतला पठ्ठ्या पायवाट सोडून उतरत होता, कारण पायवाटेवर पायऱ्या आहेत. आणि माणसांनी आधीच तुडवलंय म्हणून आपणही तुडवावं, हे मला तरी पटत नाही.

गिधाडं बघायची असतील तर हरसूलजवळ खोरीपाड्याला गावकऱ्यांनी आणि वन खात्याने गिधाडांसाठी खाद्य टाकायची जागा केली आहे. वाघेऱ्याच्या राईडला जोडून होते. लांबून बघा, विचारून जा.

जुनं खोगीर

दुगारवाडी धबधब्याचंही लिहून ठेवतो, कारण घंटीवाल्यांचा पुढचा प्रश्न तोच असणार. त्र्यंबकच्या पुढे जव्हार रस्त्यावर सापगावच्या बाजूला. सायकल वरच ठेवावी लागते, खाली उतरताना ओढा ओलांडावा लागतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडला की तो ओढा काही मिनिटांत फुगतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे पर्यटक पलीकडे अडकले होते, रात्री बाहेर काढावं लागलं. पावसाळ्यात रस्त्यावरूनच नमस्कार.

दूरदेशी

मी पुण्याचा. डिसेंबरात दोन दिवस नाशिकला सायकल घेऊन येतोय, रोडबाइक, २८ चे टायर. दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तासांच्या मुदतीत जेमतेम केली आहे, त्यावरून दमाचा अंदाज घ्या. एक दिवस डोंगर, एक दिवस आराम, असं काही सुचवाल का?

गोदाकाठचा

मग सोपं आहे. पहिल्या दिवशी डोंगर, कारण पाय ताजे. सहाला निघून गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल, आणि त्र्यंबकमार्गे परत. डिसेंबरात पाऊस नाही, डांबर कोरडं, भात कापलेला असतो त्यामुळे वळणांच्या पलीकडे दिसतं. हरसूलला पोट भरून घ्या, त्यानंतर त्र्यंबकपर्यंत भरवशाचं हॉटेल धरू नका. त्र्यंबकहून नाशिक जवळजवळ उतारच आहे.

हातमोजे विसरू नका. पुण्याची थंडी वेगळी, कश्यपीच्या काठाची वेगळी. सकाळी सात-साडेसातपर्यंत बोटं ब्रेकवर वळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नांदूर मध्यमेश्वर. कुंदेवाडीवाल्यांनी बिबट्याचं लिहिलंय ते मनावर घ्या, उजाडल्यावर निघा.

कुंदेवाडीचा गारठा

दुसऱ्या दिवशी परतताना पाव्हण्यांनी सायखेड्याला थांबून मला इथे निरोप टाकावा. द्राक्षं तोपर्यंत गोड झालेली नसतील, हरभऱ्याचा हुळा मिळेल.

अबोली

जुनं खोगीर काका, रिम ब्रेकचं कळलं. माझ्या रिमवर कडेने एक बारीक खाच होती, ती आता जवळपास दिसेनाशी झाली आहे. त्याने काही बिघडतं का?

जुनं खोगीर

बिघडतं. ती खाच म्हणजे रिम किती झिजली ते कळायची खूण. दिसेनाशी झाली याचा अर्थ रिमची भिंत पातळ झाली, हवेच्या दाबाने ती घाटात उलटी फाटू शकते. गडाचा बेत पुढे ढकला आणि आधी रिम बदला. सोबत पॅडही नवीन घ्या, जुन्यात बारीक खडे रुतलेले असतात, ते नवी रिमही तशीच खातील. शहरात चालवायला हरकत नाही असं कुणी सांगेल, त्यालाही हो म्हणू नका.

अबोली

उद्याच टाकते दुकानात.